दोरी ओढायची कुणी?

हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये रोज सकाळी दहाच्या आसपास हजारो शिकलीसवरलेली माणसं वर्तुळ करून उभी राहतात आणि एकमेकांच्या तोंडावर खोटं बोलतात. याला स्टँडअप म्हणतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाने मिनिटभरात द्यायची. पहिल्या दोन उत्तरांत जमेल तेवढी हवा भरायची. तिसरं उत्तर ठरलेलं: "नो ब्लॉकर्स." ज्याचं काम दुसऱ्या टीमच्या एका परवानगीवाचून आठवडाभर पडून आहे, तोही "नो ब्लॉकर्स" म्हणून मोकळा होतो. कारण लॅपटॉप उघडून समोर उभा असलेला माणूस अडचण सोडवायला आलेला नाही, ती कुणाच्या नावावर टाकायची ते टिपून घ्यायला आलाय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अप्रेझलही तोच लिहिणार असतो.

मी या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे. वॉटरफॉल जाताना पाहिलं, ॲजाइल येताना पाहिलं, मग ते मोठ्या कंपन्यांना पचावं म्हणून आलेलं सेफ पाहिलं, स्क्वॉड आणि ट्राइब पाहिले. प्रत्येक वेळी टाउन हॉल भरतो. व्यासपीठावर कुणीतरी जीन्सवर ब्लेझर घालून येतो आणि आता आपल्याकडे वरचा-खालचा असं काही उरणार नाही, मला नावाने हाक मारा, असं सांगतो. पहिल्या रांगेतली माणसं मान डोलावतात आणि बाहेर पडताना त्याला "सर" म्हणूनच दरवाजा उघडून देतात. मग कन्सल्टंट येतात. भिंतीवर रंगीत चिकट कागद लागतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, परीक्षा होते आणि परवापर्यंत टीम लीड असलेला माणूस स्क्रम मास्टर होऊन लिंक्डइनवर प्रमाणपत्र टाकतो. ज्यांनी हा बदल मंजूर केला ते वरचे लोक या प्रशिक्षणाला कधी दिसले नाहीत. त्यांना म्हणे कल्पना आहे.

या पद्धतींशी माझं भांडण नाही. त्यांतल्या बऱ्याचशा शहाण्या माणसांनी कामाचे चटके सोसून काढलेल्या आहेत. भांडण आहे ते त्या इकडे आणताना वाटेत काय काढून घेतलं जातं त्याबद्दल. सहकार्याची जी जी नवी पद्धत कुठे खरोखर चालल्याचं मला ठाऊक आहे, तिथे काम करणाऱ्याला "थांबा" आणि "एवढं जमणार नाही" म्हणायचा अधिकार होता, आणि तो वापरल्याची शिक्षा नव्हती. आमच्याकडे पद्धतीची परिभाषा येते, बोर्ड येतो, कोच येतो, सॉफ्टवेअरची लायसन्सं येतात. तो अधिकार तेवढा येत नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले. जाडजूड कागदपत्रं आणि वरून लादलेल्या प्रक्रिया यांना विटलेली ही सॉफ्टवेअरमधली माणसं. त्यांनी चार मूल्यं आणि बारा तत्त्वं लिहिली, तोच ॲजाइलचा जाहीरनामा. त्यातलं पहिलंच मूल्य सांगतं की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं मोलाचं. आमच्या मजल्यावर हा जाहीरनामा फ्रेम करून लावलेला आहे. त्याच्याखाली बसून आम्ही एकाच कामाची नोंद जिरामध्ये करतो, टाइमशीटमध्ये करतो, क्लायंटच्या पोर्टलवर करतो आणि शेवटी मॅनेजरच्या एक्सेलमध्ये करतो, कारण पहिल्या तिन्हींवर मॅनेजरचा विश्वास नसतो. बारा तत्त्वांत एक असंही आहे की सगळ्यांना कायम टिकवता येईल अशाच वेगाने काम चालावं. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा ते तत्त्व भिंतीवरच होतं. फ्रेम कुणी उतरवली नाही. आमच्या व्हीपींनी मूर्तींचं म्हणणं मात्र कौतुकाने शेअर केलं.

ॲजाइलच्या पद्धतींपैकी एक म्हणजे स्क्रम. तिचं अधिकृत पुस्तक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलंय. ते फुकट मिळतं आणि २०२० ची आवृत्ती पंधरा पानांचीही नाही. माझी अशी दाट शंका आहे की ज्या मजल्यांवर स्क्रम चालतं तिथल्या मॅनेजरांपैकी फार थोड्यांनी ती उघडली असेल. उघडली असती तर घाबरले असते. स्टँडअप पंधरा मिनिटांचा आणि तो डेव्हलपरांनी आपल्यासाठी घ्यायचा, असं त्यात आहे. ते तीन प्रश्न तर या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक मुदतीच्या तुकड्यात, किती काम उचलायचं ते डेव्हलपर प्रॉडक्ट ओनरशी बोलून निवडणार, आणि ते कसं करायचं हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, असंही त्यात लिहिलंय. आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगला डिलिव्हरी मॅनेजर येतात तेव्हा पहिल्या स्लाइडवर तारीख असते, दुसऱ्यावर कामांची यादी असते आणि तिसऱ्यावर "टीमने कमिट केलंय" असं लिहिलेलं असतं. तोवर टीम अजून खोलीत शिरतच असते.

आता पॉइंटांचं प्रकरण. काम केवढं आहे याचा अंदाज ज्या मापाने सांगतात तो स्टोरी पॉइंट. हा शब्द स्क्रमच्या त्या पुस्तकात एकदाही येत नाही. तो आला एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांकडून. ते आधी अंदाज दिवसांत द्यायचे, म्हणजे कुणी मध्ये आलं नाही, मीटिंग लागली नाही तर लागतील तेवढे दिवस. प्रत्यक्षात तिप्पट लागायचे. मग एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का, असं विचारून वरचे डोकं उठवायचे. त्या कटकटीला कंटाळून त्यांनी दिवस हा शब्दच काढून टाकला आणि पॉइंट आणले. म्हणजे मॅनेजरपासून बचाव म्हणून जी गोष्ट निघाली, तिचंच आमच्याकडे मॅनेजरच्या हातातलं दांडकं झालं. दर स्प्रिंटला टीमने किती पॉइंट केले ती व्हेलॉसिटी. ती डॅशबोर्डवर लागते, शेजारच्या टीमच्या व्हेलॉसिटीशी तिची तुलना होते, आणि एक दिवस मेल येतो की येत्या तिमाहीत व्हेलॉसिटी २० टक्क्यांनी वाढली पाहिजे. वाढते की! परवापर्यंत पाचचं असलेलं काम आज आठचं होतं. कोड तेवढाच, माणसं तेवढीच. आलेख वर गेला म्हणून केक कापला जातो आणि तो मीही खाल्लेला आहे, अननसाचा होता. स्नोबर्डच्या सतरांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी पुढे लिहून टाकलं की पॉइंट बहुधा मीच काढले, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. आमच्याकडे अजून कुणाला वाईट वाटलेलं नाही.

हे असं का होतं? मॅनेजर माणूस म्हणून वाईट असतात म्हणून नव्हे. त्यातले निम्मे आमच्यासारखेच गृहकर्जाच्या हप्त्याला जुंपलेले असतात. मूळ कारण करारात आहे. जाहीरनाम्याचं तिसरं मूल्य सांगतं की करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोलाचं. आणि पुण्याच्या, बंगळुरूच्या सेवा कंपन्यांचा सगळा संसार करारावर उभा. एक तर माणशी तास मोजून बिल लावायचं, नाहीतर कामाची यादी, तारीख आणि किंमत आधी ठरवून सही करायची आणि उशीर झाला तर दंड भरायचा. सहा महिन्यांचं असं बांधून आलेलं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत कापलं की त्याला आमच्याकडे ॲजाइल म्हणतात. निर्णय घेऊ शकणारा प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत बसतो. इथे त्याची जागा भरायला एक प्रॉक्सी असतो, त्याला बटणाचा रंगही स्वतः ठरवता येत नाही. मग खऱ्या मालकाशी बोलायचं तर त्याच्या सकाळी, म्हणजे आमच्या रात्री. घरी कुकरची शिट्टी होत असते, मुलाचं गणित अडलेलं असतं, आणि इकडे सूचना येते की कॅमेरा चालू ठेवा, टीममध्ये आपुलकी वाढते.

आता दोरीची गोष्ट. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, दारू, तक्रारींचे ढीग, सदोष गाड्या, सगळ्यांत अव्वल. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला, न्यूमी या नावाने. कामगार बहुतेक जुनेच घेतले, युनियन तीच. टोयोटाने त्यांच्या तुकड्या जपानला, टाकाओकाच्या कारखान्यात शिकायला पाठवल्या. तिथे त्यांनी लाइनच्या वरून गेलेली एक दोरी पाहिली. काहीही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगाराने ती ओढायची. टीम लीडर मदतीला धावत येणार, आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबणार. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं हे महापाप होतं. चुकीची गाडी तशीच पुढे ढकलायची, नंतर बघता येईल. त्याच माणसांच्या हातात ही दोरी दिली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांच्या बरोबरीला गेला.

गोष्ट इथपर्यंत आमच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात, स्लाइडवर दोरीचं चित्र असतं. पुढचं सांगत नाहीत. न्यूमीच्या करारात असं ठरलेलं होतं की कामगार कमी करायची पाळी आलीच, तर कंपनीने आधी बाहेर दिलेलं काम आत आणायचं, वरच्या लोकांचे पगार कापायचे. १९८८ मध्ये तिथली नोव्हा गाडी खपेना, कारखाना ६० टक्क्यांच्या खाली चालायला लागला, तरी कुणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणाला बसवलं, कामात सुधारणा शोधायला लावलं. दोरी ओढायला हात वर जातो तो यामुळे. जनरल मोटर्सने हीच पद्धत व्हॅन नाइजच्या आपल्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. दोरी बसवली, आणि ती ओढली की सुपरवायझर अंगावर यायचा, कारण त्याचा बोनस दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर होता. एका साहेबाने तर न्यूमीच्या इंचाइंचाचे फोटो काढून आणायचा हुकूम दिला होता असं सांगतात, म्हणजे हुबेहूब तसंच उभारता येईल. व्हॅन नाइज १९९२ मध्ये बंद पडला.

एवढं लांब जायचीही गरज नाही. चाकण, रांजणगाव, भोसरी, कुठेही फाटकातून आत गेलं की कायझेनचा फलक दिसेल, सूचनांची पेटी दिसेल, "क्वालिटी ही माझी जबाबदारी" अशी पाटी दिसेल. त्या पाटीखाली उभा असलेला पोरगा ठेकेदाराचा. वर्षात २४० दिवस भरून कायमपणाचा हक्क सांगू नये म्हणून सात महिने झाले की त्याला ब्रेक मिळतो, ही त्या पट्ट्यातली जुनी रीत आहे. याने दोरी ओढायची? याने सूचना लिहायची ती कुणासाठी, पुढच्या सात महिन्यांच्या पोरासाठी?

आमच्या वातानुकूलित मजल्यावर ठेकेदार नसतो, बेल कर्व्ह असतो. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शनी गाजवलेली ही वाटणी: वरचे २०, मधले ७०, तळातले १० टक्के. वर्षभर आम्ही "वन टीम" असतो, त्याचे टी-शर्टही मिळतात. वर्ष संपत आलं की त्याच टीमला एका रांगेत उभं करून कुणाला तरी खाली ढकलावंच लागतं, सगळ्यांनी मन लावून काम केलं असलं तरी. खाली कोण जातो ते मी पुष्कळदा पाहिलंय. वर्षभर दुसऱ्यांचं अडलेलं सोडवत बसलेला माणूस जातो. त्याच्या नावावर तिकिटं, म्हणजे जिरात नोंदलेली कामं, कमी निघतात ना! ज्याने आपलं दार लावून घेतलं आणि स्वतःचीच तिकिटं ओढली, तो "रॉकस्टार". मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरात ही क्रमवारी मोडीत काढली, कारण एकमेकांना मदत करणं आणि एकमेकांना हरवणं ही दोन कामं एकाच माणसाला एकाच पगारात सांगता येत नाहीत. आमच्याकडे कर्व्हचं नाव बदलून नॉर्मलायझेशन केलं.

रेट्रोबद्दल फार लिहायला नको. स्प्रिंट संपला की काय चांगलं झालं, काय बिघडलं ते कागदावर लिहून चिकटवायचं. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय जसा दरवर्षी निघतो, त्यावर दोघं भांडतात आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पुन्हा असतो, तसा आमच्या रेट्रोत "टेस्टिंगसाठी वेगळा सर्व्हर हवा" हा कागद आहे. तो मागणारे तिघे नोकरी सोडून गेले. कागद आहे.

यावर वरच्यांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं: लोकच बदलायला तयार नसतात. त्याचीही स्लाइड आहे. तीत एक वाकडी रेघ असते आणि तिच्यावर नकार, राग, घासाघीस, निराशा, स्वीकार असे टप्पे लिहिलेले असतात. ही रेघ आली कुठून ते मी शोधलं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरीणबाईंनी १९६९ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून त्यांच्या मनाच्या अवस्था मांडल्या, त्यांवरून ती काढलेली आहे. म्हणजे असाध्य रोग झालेल्या माणसाने मरण स्वीकारावं तसं आम्ही नवं टूल स्वीकारायचं, आणि कुणी कारण विचारलं तर समजायचं की हा अजून रागाच्या टप्प्यावर आहे. प्रश्न विचारणं हेच रोगाचं लक्षण ठरवलं की उत्तर द्यायची भानगड उरत नाही.

लोक बदलत नाहीत हे धादांत खोटं आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. लिनक्सवाले ज्या साधनावर एकत्र काम करत होते त्याची फुकट वापरायची सोय काढून घेतली गेली होती, म्हणून. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर गिटवर काम करतात. त्यासाठी कुणी टाउन हॉल भरवला नव्हता, कुणाला रेघ दाखवली नव्हती. शिकायला ते अवघड आहे, सुरुवातीला शिव्या खातं, तरी माणसं रात्री जागून शिकली. कारण तिथे प्रत्येकाच्या मशीनवर कामाची पूर्ण प्रत असते. कुणालाही न विचारता आपली फांदी काढावी, हवे ते प्रयोग करावेत, मोडलं तर आपलंच मोडतं. ते मूळ कामात घ्यायचं की नाही हा वाद केलेल्या कामावर होतो आणि सगळ्यांसमोर होतो. आमच्या कंपनीत गिट आहे. त्यावर "दिवसाला किती कमिट केले" याचा अहवालही आता आहे, त्यामुळे पोरं स्पेस टाकतात, कमिट करतात, स्पेस काढतात, कमिट करतात.

मधूनमधून आमच्याकडे मुंबईच्या डबेवाल्यांचं व्याख्यान ठेवतात. पांढरी टोपी घातलेले गृहस्थ येतात, डब्यावरच्या खुणा समजावून सांगतात. हार्वर्डने २०१० मध्ये यांच्यावर केस स्टडी केली, हे एचआरवाले तीनदा सांगतात. टाळ्या पडतात, सेल्फी निघतात, खाली "लीडरशिप लेसन्स" असं लिहून फोटो चढतात. त्या केस स्टडीच्या वेळी ही सुमारे पाच हजार माणसं होती. पंचविसेक जणांचा एकेक गट, त्याचा मुकादम त्यांच्यातूनच वर आलेला. नवा गडी आधी उमेदवारी करतो आणि पुढे धंद्यातला वाटा विकत घेऊन भागीदार होतो. गटाची मिळकत खर्च वजा जाता गटातच सारखी वाटली जाते. लोकलच्या गर्दीत एकाचा डबा राहिला तर दुसरा उचलतो, त्यामागे हा हिशेब आहे. गेल्या खेपेला मी हात वर करून विचारलं की आपल्याकडे हा वाटणीचा भाग कधी आणायचा? गृहस्थ मनापासून हसले. एचआरच्या बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि पाहुण्यांना शाल दिली.

आता आमच्याकडे पॉड येताहेत. नऊ जणांच्या टीमऐवजी चौघं आणि बाकीच्यांच्या जागी एआय, तोही "सहकारी" म्हणायचा असं मेलमध्ये आहे. उरलेल्या पाचांचं काय, याबद्दल मेलमध्ये काही नाही. ओळखवर्ग शनिवारी सकाळी नऊला, निमंत्रण ऐच्छिक. मी डिक्लाइन दाबलं. चहा ओतून होईपर्यंत मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी आपुलकीचा.

"ऑप्शनलच आहे गं ते," तो म्हणाला, "फक्त अटेंडन्स वर जाणारे."